भिंतीकडची खिडकी

बसच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या, नुकतंच घर बघून आलेल्या. लेकीच्या अंगावर नर्सचा गणवेश होता.

“अगं, खिडकी उघडली की समोर भिंत! भरदुपारी दिवा लावावा लागतो.”

“म्हणून तर परवडतंय, आई. या शहरात उजेडाचे पैसे वेगळे पडतात.”

“अंधारात कोणी राहतं का?”

“रात्रपाळी करणारी राहते. आत्ता दिवसा झोपायचं तर खिडकीला चादर बांधते मी. ती तरी सुटेल.”

“आणि पाहुण्यांना काय दाखवायचं?”

“काही नाही. त्यांना पसारा दिसला नाही म्हणजे झालं.”

“हसतेस काय! तू घोरत पडलीस की मी दिवसभर चाचपडत बसू?”

“स्वयंपाकघरातला दिवा लाव की.”

“दिवसाढवळ्या? आपली मालकीणबाई फटीतून उजेड दिसला तरी दार बडवते.”

“तिथे मालकीणबाई कोण असणार?”

“कोण?”

“तू आणि मी.”

बस आली. पायरीवर पाय ठेवताना आई मागे वळली.

“त्या स्वयंपाकघरात एका दिव्यानं भागायचं नाही हं. दोन लावू.”