डोक्यावरची चांदी

तुमी शाळेतले गुरुजी, इचारलं म्हनून सांगतो. माह्यं नाव हारकी. आमी गोरमाटी, तुमी लोकं बंजारे म्हनता, लमान म्हनता, काईबी म्हना. माह्या बापाचा आजा बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान लादून मुलूखभर फिरे, मंग रेल आली, तिनं भाडं सगळं सपा खाल्लं, अन् जिथं बैल थकले तिथंच आमची लोकं बसली. नेरच्या वाटेवर माहेरचा तांडा. बापानं बरड जमीन वाहीत केली, कपास लावली, अन् ती दारव्ह्याच्या बाजारात नेताना मी बंडीवर बसून संगं जाओ. तवाच मी धर्मादाय हा शब्द पैल्यांदा ऐकला. अडत्याचा मुनीम हमाली कापे, तोलाई कापे, अन् मंग धर्मादाय कापे. बाप इचारे, हे कायचं? मुनीम म्हने, पुन्याचं हाय, गाईले चारा, वाटसराले पानी, देवाले दिवा. बाप म्हने, मंग कापा बाप्पा. गुरुजी, हे ध्यानात ठेवजा, हे पुढं येते.

लगन होऊन मी या तांड्यात आली. सासू म्हंजे बुढी मोठी तिखट, पन लगनात तिनंच आपल्या हातानं माह्या केसाले टोपली बांधली. तुमाले टोपली म्हंजे भाकरीची वाटल, तशी नाई. चांदीची रायते, कानाच्या दोनी अंगानं केसात लटकते, खाली घुगऱ्या, बाई चालली का वाजते. दिसाले शोभेची, पन शोभेची नाई ते. नवरा हाय तवर डोक्यावर, नवरा गेला का तांड्याच्या बाया येऊन काढते. तुमच्यात कुकू, आमच्यात हे.

घरवाला माहा जिनात कामाले जाये. जिनात कपाशीतली सरकी काढते, रुईचा बुरा नाकातोंडात जाते, तिथं सपाच खोकलत, त याच्या खोकल्याचं कोनाले काय वाटावं. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं म्हनून लोकं बोलत ना, त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या सालची गोष्ट. खोकल्यात रगत पडलं. भगत म्हने देवी याडीचा कोप हाय, बोकड द्या, बोकड देल्लं, अन् रगत काई थांबलं नाई. मंग छोट्या रेलीनं त्याले यवतमाळले नेलं, मोठ्या दवाखान्यात. डाक्टरनं छातीचा फोटो काढला अन् मले बाजूले नेऊन सांगतलं, बाई, टीबी हाय. पयले याले इलाज नोता, आता हाय. सुई द्या लागते, रोज, लय म्हयने, मधात बंद करता येत नाई. बिछाना आमी देतो, खानं आमी देतो, सुई बाहेरच्या दुकानातून आना लागते.

दुकानात गेली त शिशी येवढीशी, अंगठ्यायेवढी. किंमत ऐकून मी तिथंच ओट्यावर बसली. किती होती ते नका इचारू, आता सांगून काय फायदा.

पयले गयातली हसली गेली, मंग पायातल्या वाक्या गेल्या, मंग बकऱ्या. जवरोक चांदी होती तवरोक सुई होती. मंग मी तांड्याच्या नाईकाकडं गेली. नाईक माणूस चांगला, त्यानं झोपडी झोपडी फिरून जमवलं, कोनी जवारी देल्ली, कोनी कोंबडी देल्ली, पन कोंबडीची सुई होत नाई गुरुजी. मंग जिनाच्या मालकाकडं गेली. तो म्हने, कामावर येईन तवा मजुरी देईन, पडल्या माणसाले कायची देऊ. तवा मले बापाचं याद आलं. म्हनलं, येवढे सालं आमच्या कपाशीतून धर्मादाय कापला, गाईनं खाल्ला, देवानं खाल्ला, थोडा आमच्या माणसानं खाल्ला त काय बिघडते. त गेली दारव्ह्याच्या त्याच अडतीवर, शेठजीकडं.

शेठजी गादीवर बसले होते. मी खाली उभी राहून सपा सांगतलं. त्यायनं ऐकलं, खोटं काहून बोलू, नीट ऐकलं. म्हने, बाई, दवाईसाठी आजवर कोनी मांगतलं नाई, पन देऊ. फक्त धर्मादाय ज्याच्याजवळ काईच नाई त्याचा, अन् तुह्या त डोक्यावर चांदी वाजून राह्यली. पैसा सगळ्या बाजाराचा, चार व्यापारी मले इचारतीन. मुनीमले आमच्या लोकाईचं ठाऊक होतं, त्यानं हळूच सांगतलं का शेठजी, ही चांदी यायच्यात नवरा मेल्यावरच काढते. शेठजीनं वही बाजूले सारली. मंग म्हने, बरोबर हाय, पन कायदा म्हंजे कायदा. पयले ते मोडा, ते संपलं का मी हाव.

आता मले सांगा, याले काय म्हनाव? नवऱ्याले जगवाचं त नवरा मेल्यावानी डोकं उघडं करा. मी वाटंनं दारव्ह्यापासून तांड्यावरोक रडत नाई आली, मले राग आलता, राग असला का रडू येत नाई. घरी येऊन मी बुढीसमोर बसली अन् म्हनलं, याडी, माय माही, टोपली काढ. बुढीले समजलं तसा तिनं जो आकांत मांडला, तांड्यातल्या बाया पळत आल्या, त्याईले वाटलं पोरगा गेला. जिता हाय म्हनलं तरी कोनी आयकेना. बुढी काढेना, कोनी बाई हात लावेना. शेवटी मीच काढली. केस बी उपटले थोडे.

टोपली मोडली, सुया आल्या. त्या संपल्यावर शेठजीनं बोलल्यापरमानं धर्मादायातून पाठवल्या, ते माणूस बोलाले पक्के. पन सुई घेऊन मी यवतमाळले गेली त घरवाल्यानं माह्याकडं पायलं, डोक्याकडं पायलं, अन् भिताडाकडं तोंड केलं. म्हने, हारके, मी मेलो का व? म्हनलं, नाई मेले, म्हनून त काढली. त्यानं सुई टोचून घेतली, पन त्या दिवशी जेवला नाई.

होळीवरोक अंगावर मास आलं, रगत बंद झालं. डाक्टरनं घरी सोडलं, म्हने, आता दारव्ह्याच्या दवाखान्यात सुई टोचून घ्या, आनखीन बाकी हाय, बरं वाटलं म्हनून सोडू नका. पन होळी झाली का बाजारात कपाशीच्या बंड्या सरते, बंड्या नाई त धर्मादाय नाई. शेठजीनं हात जोडले, म्हने, दसऱ्यानंतर ये. घरवाल्यानं सडकेच्या कामावर बंडी लावली, गोटे वाहाले लागला. मी नाई म्हनो, तो आयकेना, म्हने, माह्या सुईचे पैसे मी कमावीन. अन् कमावले बी. फडक्यात बांधून बुढीजवळ ठेवले.

तेवढ्यात तांड्यात लगन निंगालं. बाया हळद लावाले बसल्या, मी बी बसली, अन् ताट माह्यासमोरून पुढं सरकलं. टोपली नाई त हळद नाई. मी उठून झाडाखाली जाऊन उभी राह्यली. घरवाल्यानं थे पायलं. बुढी बी त्याले म्हने, तू जिता असून सून रांडव दिसते, हाच अपशकुन तुले लागन, मंग कोनती दवाई लागू पडन? पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पैशाचं फडकं घेऊन दारव्ह्याले गेला. मले वाटलं सुई आनाले गेला. सांजच्याले आला त हातात टोपली. पयल्यापेक्षा हलकी होती. आपल्या हातानं बांधाले लागला, माणसाले कुठं जमते ते, दोनदा सुटली. मी म्हनलं, अन् सुई? म्हने, मी आता ठनठनीत हाव, पाय ना माह्याकडं. काय सांगू तुमाले, मले बरं वाटलं. पान्याले गेली त मुद्दाम मान हालवत गेली.

पोळ्याच्या आंदी ताप परत आला. यवतमाळले नेलं. डाक्टर रागावला नाई, त्यानं नुसतं डोकं धरलं. म्हने, मधात सुटलं का ही दवाई मंग लागू पडत नाई. दसरा झाला, बंड्या आल्या, शेठजीनं सुया देल्ल्या, पन त्या पान्यावानी गेल्या अंगातून. संक्रांतीच्या पयले तो गेला. बाया आल्या, टोपली काढाले. या बारीनं बुढी काईच ओरडली नाई. तिनंच गाठ सोडली. त्यानं बांधलेली गाठ होती, वाकडीतिकडी, लौकर सुटेना.

कोनाचं चुकलं, तुमी शिकले-सवरले, तुमीच सांगा. शेठजीनं देल्लं. नाईकानं देल्लं. बुढीनं पोराच्या जिवासाठीच म्हनलं. मले त कोनावर राग बी धरता येत नाई, थेच वाईट वाटते.

थे टोपली मी गाडग्यात घालून ठेवली. आता सालं झाले. बाजूच्या झोपडीतली गोमली हाय ना, तिचा नवरा खोकलाले लागला औंदा. सरकारी गोळ्या आता फुकट भेटते, पन सुई कधी रायते, कधी सरते, मंग इकत आना लागते. गोमली माह्याकडं आली, हात केसाले लावून होती, म्हने, मोडू का व बाई? मी म्हनलं, हात खाली घे. गाडग्यातली काढून देल्ली. ती मांगं सरकली, रांडवीची टोपली कोन घेते. म्हनलं, तुले घालाले नाई देत व, मोडाले देतो. सोनाराच्या काट्यावर सवाशीन अन् रांडव सारखीच तुलते. पन डाक्टर बंद म्हनन तवाच बंद कर, त्याच्या पयले नाई, नवऱ्यानं म्हनलं तरी नाई.

नवरा तिचा सुई घेऊन राह्यला अजून. सकाळी गोमली पान्याले जाते त घुगऱ्या वाजते, मी आतूनच आयकत बसतो. एखांद्या दिवशी उशीर झाला का मी उठून दाराशी येतो. मंग वाजते. वाजू दे बाप्पा, तिच्या वाजत राहू दे.