एकाच सहीचे दोन कागद

…आणि वर साहेब मलाच विचारतात, "मैडम, बच्चे गए कहाँ?" आता गेले कुठे म्हणजे? मीच नाही का पाठवले, एकेकाचा फॉर्म भरून! पण जाऊ द्या, तुम्हाला सांगते, मला आता काही वाटत नाही.

झालं असं, मी अल्पना, राहणार धार, मध्य प्रदेश, नालछ्याच्या रस्त्यावरून चार किलोमीटर आत एका गावात सरकारी प्राथमिक शाळेवर चोवीस वर्षं बाई. बाई मीच, हेडबाई मीच, घंटा बडवणारीही मीच! एके काळी पट साठाचा, हो, साठ! नाकं पुसता पुसता पदर पुरायचा नाही. मग गावात खाजगी शाळेची पिवळी व्हॅन यायला लागली, पट झाला चाळीस, मग पंचवीस, मग…

तर गेल्या उन्हाळ्यात शिक्षण खात्याच्या साहेबांचा कागद आला. घरोघर जा, मुलं आणा, पट वीसच्या खाली गेला तर शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन करू. बरं! मी पदर खोचला. तोच दुसरा कागद. घरोघर जा, खाजगी शाळांतल्या गरिबांसाठीच्या मोफत जागांचे फॉर्म भरून घ्या. साहेब तेच, सही तीच, तारीखसुद्धा तीच! मी फोन केला, "सर, इनमें से करना कौन सा है?" तर म्हणे, "दोनों, मैडम, दोनों! दोनों का टारगेट है!" झालं! सकाळी मी दारात, सरकारी शाळेत पाठवा हो, पुस्तकं फुकट, जेवण फुकट… आणि दुपारी त्याच दारात, खाजगी शाळेत पाठवा हो, फी माफ! कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली, भैया! काही वाटत नाही हो मला.

सीताच्या दारात मात्र पाय अडखळला. सीता माझ्याच हाताखाली शिकलेली, त्या गावात पाचवी पास झालेली पहिली पोर. तिचा गोलू सहा वर्षांचा. माझा पट एकोणीस. म्हणजे गोलू आला की वीस, शाळा वाचली! म्हणून सकाळच्या फेरीतच गाठलं तिला. तर चहाचं आधण ठेवत म्हणते, "मैडमजी, दुपेरे आवजो नी, फारम लई ने. थाँका हाथ को फारम कदी रद्द नी होय." मी म्हटलं, अगं, दुपारी तो खाजगीचा फॉर्म घेऊन आले तर माझी शाळा बंद पडेल! तर खाली बघत म्हणाली, "आपने ही तो सिखायो थो मैडमजी, के छोरा ने अपना से आगे भेजजो." आता बोला! पोराला आपल्यापुढे धाडा, चोवीस वर्षांत शिकवलेलं एवढंच एक कुणाच्या ध्यानात राहिलं, ते माझ्यावरच उलटलं!

दुपारी गेले. भरला फॉर्म. चूक करता आली असती हो… जन्मतारखेत एक आकडा इकडचा तिकडे, कुणाला कळणार होतं? बोट थांबलंही तिथे. पण जन्मभर लोकांच्या पोरांच्या चुका काढल्यात, मुद्दाम चूक करायला हातच वळेना मेला! सोडतीत गोलूचा नंबर लागला. सीता पेढे घेऊन आली. खाल्ला मी. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

मग शाळेला कुलूप. उरलेली एकोणीस मुलं तीन किलोमीटरवरच्या शाळेत जाणार, असं ठरलं… कागदावर! वाटेत नाला, आणि घरच्या दारात पिवळी व्हॅन, आयांनी काय निवडलं असेल? पोटाला चिमटा काढून फी भरली आणि बसवली एकूण एक व्हॅनमध्ये. मला काही वाटत नाही.

नव्या शाळेत पहिल्या दिवशी हजर झाले. पहिल्या दिवशी नव्या मुलांना टिळा लावायची आमच्याकडे पद्धत, म्हणून तिथले हेडमास्तर कुंकवाचं ताट घेऊन फाटकात उभे. माझ्या मागे रस्त्यावर बघतायत, टाचा उंचावून बघतायत. "मैडम, आपकी स्कूल मर्ज हुई ना? तो… बच्चे?"

मीही वळून बघितलं, रीत म्हणून. मग कपाळ पुढे केलं आणि म्हटलं, "पूरी स्कूल आ गई, सर. टीका लगाओ."