अयामचा शेमला

—हो, माझाच आहे. नाही कशाला म्हणू, धाकटे मालक? अख्ख्या केसाँगात काळ्या रेशमावर असं भरतकाम दुसरं कोण करतंय! अयामचा शेमला आहे हा, बायकांच्या या टोपीमागं पाठीवर पट्टा सोडतात तो. पण टोपी नाही नि बाई नाही, नुसता शेमला मुठीत धरून ह्वांगांच्या घरचा माणूस भर बर्फातून माझ्या ओसरीवर—बसा की. उभं राहून काय होणार? शेगडी आहे, हात शेका. कोण, ओग्दान? तुमची बायको माझ्याकडं कशाला येईल? माहेरी गेली असेल. मोठ्या घरच्या सुना आम्हा टोप्या शिवणाऱ्या बायकांना सांगून जातात होय? नाही आली. सांगितलं ना एकदा, नाही आली.

तुटला कसा म्हणून मलाच विचारताय? ओढलात म्हणून तुटला! अहो, शेमला काय ओढायची वस्तू आहे? बाई चालायला लागली की तो पाठीवर हलावा, मागून येणाऱ्यानं बघावं, एवढंच त्याचं काम. आणि तुम्ही—हे बघा, या सुरकुत्या, हाताला वेढे देऊन धरलाय तुम्ही हा. बैलाची वेसण धरतात तसा. बरं बरं, नाही धरला. घ्या, थोडं गरम पाणी घ्या, भाताच्या खरवडीचं आहे, पोटाला बरं.

टाका कच्चा होता? होता! नुसता धावदोरा, एकपदरी, हिसका बसला की सुटणारा. आणि चुकून नाही हं, मुद्दाम घातला मी तो. का म्हणजे? कुम्येला विसरलात? तुमची पहिली बायको, मालक, बायको! तिचा अयामही मीच शिवला होता, दुहेरी धाग्यानं, पक्का, लग्नाचं काम म्हणून. पायरीवरून घसरली म्हणालात तुम्ही, आणि गावानं मुंडी हलवली. पण शेवटचे कपडे चढवायला तुमच्या आईनं मला बोलावलं होतं ना! टोपी डोक्यावरच होती, केसांसकट मागं ओढलेली. एक टाका सुटला नव्हता. शेमला शाबूत, आणि मान—ती कशी लोंबत होती ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मला. घसरून पडलेल्या बाईचे केस मागून उपटलेले असतात का हो? मुळापासून? रक्त वाळलं होतं त्यात. मी ते पुसलं, केस विंचरले, आणि गप्प घरी आले. बोलले असते तर फटके माझ्याच पाठीवर बसले असते, तुमच्या नाही. मग वर्ष सरायच्या आत दुसरी आणलीत, आणि तिचाही अयाम माझ्याकडंच आला. मी गरीब बाई काय करणार? धागा कच्चा घातला. माझ्या हातात तेवढंच होतं.

राग मानू नका. म्हातारी झाले, तोंडाला लगाम नाही. आणा तो शेमला, दुरुस्त करून ठेवते, माणूस पाठवा न्यायला. ही? ही मांडीवरची होय? जोबावी आहे, हीही टोपीच. अयाममध्ये कान उघडे राहतात, जोबावीत झाकले जातात, म्हणून हिवाळ्यात हिलाच मागणी जास्त. आत कापूस जरा ठासून भरलाय—कान दुखरा आहे ना बिचारीचा, वारा लागला की टाक्यांत कळ जाते. कुणाचा म्हणजे? आहे एक गिऱ्हाईक. लांबच्या गावचं. तुम्हाला काय करायचंय? शेमला हातात राहिला, बायको निसटते असं दिसलं, तर दुसऱ्या हातानं कानच धरायचा? माणूस आहात की कोण! निम्मा कान खाली लोंबत होता. कातडीतून सुई घालताना ती पोर तोंडात चिंधी चावून पडली होती, आणि मी तिला—

काय बोलले मी?

नाही. बसा. धाकटे मालक, बसा म्हणते ना! ते दार आतल्या खोलीचं आहे. बायकांची खोली. परका पुरुष तिथं पाऊल टाकत नाही, हे तुमच्या घराण्याला मी शिकवायचं? जोडे घालून—जोडे घालून आत चाललास? मागं हो. मागं हो, मेल्या! ही इस्त्री सकाळपासून निखाऱ्यात आहे. ये पुढं. ये ना, थांबलास का—घे! ओरड. ओरड, गालाचं कातडं सुटलं तरी ओरड, कुम्येही ओरडली असेल! सोड, माझे केस सोड—ओग्दान, आतून कडी लाव! ओग्दान! अगं बाहेर कशाला आलीस, जा आत, ठेव ते धोपाटणं, कापड कुटायचं आहे ते—

अगं बाई.

पुरे. अगं, पुरे आता. पडलाय तो. ओग्दान, हात खाली घे, पडलाय तो, दिसत नाही का तुला?

हं. आता नीट ऐक, ह्वांगांच्या पोरा. ही तुझ्या घरी यायची नाही. ना आज, ना कधी. तुझ्या आईला काय सांगायचं ते तुझं तू बघ, तुम्हा लोकांना सांगता येतं. मी कुणापाशी ब्र काढणार नाही, पण पुन्हा या दारात दिसलास तर दुसरा गालही डागीन. कळलं? मग ऊठ. रक्त त्या रेशमाच्या ताग्याकडं चाललंय, सरक जरा. सोंगं नकोत, डोळे उघडे आहेत तुझे, बघतोयस तू माझ्याकडं. ओग्दान, तू तिकडं तोंड कर. ऊठ आणि चालता हो इथून. चालता हो म्हणते ना!

अरे, ऊठ की.