नाळेपासून सुकाणूपर्यंत

तेउरा : त्या पोत्यावर बसू नका हो कप्तान! माझ्या लेकीच्या लग्नाचं पीठ आहे ते.

एरवान : मग कुठे बसू? तुझी तीन पोती, पेट्रोलचं पिंप आणि हे डुकराचं पिल्लू. माझ्या बोटीत आता मला फक्त डोलकाठीवर जागा उरलीय.

सोलेन : तू खाली जाऊन इंजिन बघून ये. प्रवाळातल्या खिंडीतलं वाहतं पाणी थांबायला अजून वीस मिनिटं आहेत.

तेउरा : वीस? चाळीस म्हणा. तीन दिवस दक्षिणेच्या लाटा प्रवाळावरून आत पडतायत. आमच्या कंकणासारख्या बेटाच्या आतलं पाणी तुडुंब भरलंय, ते आधी बाहेर पडणार. तुमच्या भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याला हे कोण सांगणार?

सोलेन : बरं, चाळीस. ऐकलंस ना एरवान? जा.

तेउरा : गेले. काय जोडी आहे तुमची! एकोणीस वर्षं या बारा मीटरच्या बोटीत, एका बेटावरून दुसऱ्यावर. मी नवऱ्याबरोबर पाच खोल्यांतसुद्धा मावत नाही. काल पाऊस आला, तर तुम्ही दोघांनी एक शब्द न बोलता ताडपत्री ताणून टाकी भरली. मी बघतच राहिले.

सोलेन : फार कौतुक नको करूस. ही माझी शेवटची खिंड. तुझं सामान उतरवलं की पापीतेच्या बंदरात जाऊन बोट विकायची. एरवानला अजून बोलले नाहीये.

तेउरा : विकायची? का हो?

सोलेन : माझी नजर गेली. मागच्या महिन्यात बोट खडकाला घासली, तळाला हातभर चरा पडला. मी पुढे नाळेवर, बोटीच्या टोकाला उभी होते. खिंडीत इंजिन आणि लाटांपुढे हाक ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातानेच बोलतो. पाणी पिवळट दिसलं, म्हणजे खाली खडक; मी डावा हात केला. निदान मला वाटलं डावा. बोट सरळ खडकावर. एरवान म्हणाला, ‘असू दे, होतं कधी कधी.’ आवाजसुद्धा चढवला नाही. ते जास्त लागलं.

तेउरा : अहो, काल प्रत्येक खडक तुम्ही माझ्याआधी दाखवलात. आणि मी इथे जन्मलेय.

सोलेन : काल चुकले नाही, उद्या चुकेन. आमचं अख्खं घर माझ्या एका हातावर चालतं, तेउरा. नको आता. गप्प, आला तो.

एरवान : इंजिन ठीक आहे. तू हो पुढे. तेउरा, तू इथे माझ्याजवळ बस.

(सोलेन नाळेवर जाते.)

एरवान : तिने हात केला की मला सांगायचं. डावा की उजवा, एवढंच. मला पाण्याच्या खोलीच्या आकड्यावर डोळा ठेवावा लागतो.

तेउरा : ते यंत्र तर बंद आहे.

एरवान : लावतो की.

तेउरा : कप्तान, सोलेन आत्ता काय करतायत?

एरवान : उभी आहे. दुसरं काय करणार?

तेउरा : बसल्यात. केस बांधतायत.

(एरवान यंत्राचं बटण चाचपतो.)

तेउरा : केव्हापासून दिसत नाही?

एरवान : वर्ष होईल. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. इथून ती मला नुसता पांढरा ठिपका दिसते.

तेउरा : म्हणजे मागच्या महिन्यात त्यांनी हात बरोबरच केला होता.

एरवान : केलाच असणार. एकोणीस वर्षांत ती एकदाही चुकलेली नाही. अशी नजर मी या समुद्रात दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

तेउरा : हे त्यांना कधी सांगितलंत?

एरवान : सांगितलं तर म्हणेल, बोट विकू. मग मी गावात बाकावर बसून कबुतरं मोजू?

तेउरा : आणि सोलेन महिनाभर स्वतःच्या डोळ्यांना शिव्या घालतायत, ते? थांबा, मी आणते त्यांना. तुम्हीच बोला. आपल्याकडे पंधरा मिनिटं आहेत.

(तेउरा सोलेनला घेऊन येते.)

सोलेन : काय झालं? प्रवाह वाढला का?

एरवान : सोलेन, त्या दिवशी तुझा हात मला दिसलाच नव्हता. आता दिसतच नाही. मोतीबिंदू आहे.

सोलेन : रोज सकाळी मी एक डोळा झाकून डब्यांवरची अक्षरं वाचत होते. तू समोर कॉफी पीत बसायचास.

एरवान : हो.

सोलेन : मला वाटत होतं, तू मला माफ केलंयस.

एरवान : सोलेन...

सोलेन : मूर्ख माणसा, एका दुपारचं काम असतं ते! पापीतेला काढतात.

एरवान : डोळ्यात सुरी घालतात.

सोलेन : पाच दिवस वादळात एकटा सुकाणू धरून बसला होतास, आणि सुरीला भितोस! पापीतेला मी बोट विकायला निघाले होते. आता तुझ्या डोळ्यांसाठी जाऊ.

तेउरा : उरलेलं भांडण आत गेल्यावर करा, पाणी थांबतंय. ती बारीक दोरी द्या. माझ्या तोंडून ऐकून वळाल तोवर उशीर होईल. आमच्या मोत्यांच्या शेतीवर पाण्याखालचा माणूस वरच्याशी दोरीनेच बोलतो. हे टोक सोलेनच्या मुठीत, हे तुमच्या मनगटाला. एक झटका डावीकडे, दोन उजवीकडे. ताणून धरली की थांबायचं.

सोलेन : आणि तू काय करणार?

तेउरा : मी डुकराला धरते. ते कप्तानांपेक्षा थोडंच जास्त घाबरलंय.

(सोलेन दोरीचं टोक घेऊन पुन्हा नाळेवर जाते.)

एरवान : एक. डावीकडे. बस... दोन. पुन्हा दोन! काय हात आहे हिचा! झटक्यावरून कळतं, खडक किती जवळ आहे ते.

तेउरा : उजवीकडून गेला. वाटलं तर हात लावता आला असता.

एरवान : नको सांगूस. एक... सरळ.

तेउरा : लाटा मागे राहिल्या, कप्तान. आत आलो. ते बघा माझं घर. म्हणजे, राहू द्या.

एरवान : ताणलीय. थांबतो. नांगर गेला?

तेउरा : गेला. वाळूत रुतलाय.

एरवान : मग हे काय? तीन झटके. तीनचं काही ठरलं नव्हतं. काय करतेय ती?

तेउरा : काही नाही. पाय खाली सोडून पाठमोऱ्या बसल्यात.

एरवान : काही हवंय का तिला?

तेउरा : नसावं. तुम्हीही तीनदा ओढा.