बरखास्ती

बहरीनमधल्या उम्म अल हस्सम भागातल्या दातांच्या दवाखान्यात स्मिताची दाढ चांगलीच ठणकत होती, तरी आपला नंबर इतक्यात लागू नये असं तिला वाटायला लागलं. समोर रत्नागिरीकडचं एक जोडपं बसलं होतं आणि त्यांचं बोलणं तिला स्पष्ट ऐकू येत होतं. नवरा एका हातानं गाल धरून पेपर वाचत होता.

"पाकिस्तानात बेनझीरला परत काढलंन, झोहरा."

"कोणी?"

"राष्ट्रपतीनं. तिच्याच पक्षातला माणूस, तिनंच बसवलेला."

"तिला आधी विचारलंन नाय?"

"विचारायचं काय त्यात? बापाच्या नावावर मोठी झालेली बाई."

"आणि मी आपल्या कोकणी जमातीच्या महिला विभागाची अध्यक्ष कोणाच्या नावावर झाले?"

"माझ्या. अध्यक्षाची बायको ती महिलांची अध्यक्ष, ही आपली रीतच आहे. बरं, तेच सांगायचं राहिलं. काल कमिटीनं महिला विभाग बरखास्त केला."

"तुम्ही होतात ना मीटिंगला?"

"सही माझीच आहे. तुम्ही बायका कमिटीत मत मागायला लागलात, मग लोक बोलायला लागले. ईदची बिर्याणी मात्र तुमच्याकडेच ठेवली आहे."

"मेहेरबानी."

नर्सनं दारातून नजीबचं नाव पुकारलं. नवरा उठला आणि तिथेच थांबला.

"तू पण चल आत. सुई बघितली की मला गरगरतं."

"मी काय म्हणून येऊ?"

"बायको म्हणून, आणखी काय?"

"ते पद अजून आहे? मला वाटलं, त्याची पण कालच मीटिंग झाली."