चादरीवरचं गाव

व्हय व्हय, फॉल्टच हाय तो, पाव्हणं — सोडा की, सॅम्पलच हाय, सॅम्पलमदी एखादा फॉल्ट निघतोच. बसा तुमी. चहा मागवलाय. तुमी मुलाचे मामा, तुमच्या माणसांना आमची अंकिता पसंत पडली, आता सोयरीक पक्की करायच्या आधी कारखाना बघायला आलाव, तर माग बघा, माल बघा — त्या चादरीत काय बघलालाव? बंदेनवाजला म्हटलं होतं, पाव्हणं यायच्या आत भिंतीवरनं ती काढ म्हणून — आमचा जॉबर तो, माग बिघडला तर त्याच्याशिवाय हितं पान हलत न्हाय — पण मागाचं सोडून दुसरं एक काम वेळेवर करंल तर शपथ.

आता दिसलीच हाय तर सांगतो. अमेरिकेची ऑर्डर हाय. आमची थोरली, पायल, तितं एका गावात असती — नाव माझ्या तोंडात बसत न्हाय, गाव आपल्या एमआयडीसीएवढं बी नसंल — तितल्या लायब्ररीत नोकरी. गावाला आता दीडशे वर्षं व्हायलीत म्हणून त्यांच्या कमिटीनं ठरवलं, घरटी एक चादर वाटायची, आन् चादरीवर सगळं गाव हातात हात घालून उभं. नुसतं उभं न्हाय — गावात ज्या रंगाची माणसं जशी हायत, तशीच चादरीवर पायजेत. कोन जास्त न्हाय, कोन कमी न्हाय. पायल म्हणाली, माझे वडील अंबादास, सोलापुरात चादरी विणतात. झालं, ऑर्डर आली.

मग पोरीला इचारलं, बाई, रंग तरी सांग. तर म्हणाली, गोरे लई, खापरपणजोबाच्या वेळी जर्मनीकडनं आलेले. मग मेक्सिकोचे, कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला. काळे थोडे. आन् मूळचे, म्हंजे ती जमीन ज्यांची होती ते, चार-दोन घरं. म्हटलं, जमिनीचे मालक आन् चार-दोनच घरं कशी गं? तर म्हणाली, पुढचं लिवून घ्या. आन् आपलं एक घर. आता पाव्हणं, आपली चादर असती दोन सुतांची — एक पांढरं, एक काळपट. गाव पाच तऱ्हेचं आन् सूत दोन. काय करणार? मीच हितं टेबलावर बसून वाटणी केली. गोरे पांढऱ्यात, त्यात अवघड काय न्हाय. काळे काळ्यात. मूळचे बी काळ्यात टाकले, ते कशाला तक्रार करतायत. मेक्सिकोवाल्यांचे फोटो मागवले — उजळ दिसले ते पांढऱ्यात, बाकीचे तिकडं. एका घरातले सख्खे भाऊ दोन रंगांत गेले, त्याला इलाज न्हाय. आन् पायलला पांढऱ्यात घातलं. हसताव काय, पोरगी गोरीच हाय की आमची. अंकितापरीस उजळ — म्हंजे अंकिता बी गोरीच हाय, तुमी बघितलीच की.

तिकडं ह्याचं लई कौतुक, आमी सगळे मिळून ऱ्हातो म्हणून. आमच्या शेडमदी येऊन बघा म्हणावं. तेलुगू हायत, कन्नडवाले हायत, मराठे हायत, बंदेनवाज हाय — कधी भांडण न्हाय. चहा एकाच किटलीतनं. कप तेवढा ज्याचा त्याचा, खिळ्याला टांगलेला. ते आपलं स्वच्छतेसाठी.

व्हय, साडीवाली तीच पायल. तिनं हात धरलाय तो? तो असंल गावातला कोन तरी. सगळ्यांनीच कुणाचा ना कुणाचा हात धरलाय की. जावई? जावई केरळचा हाय. म्हंजे — आमी तसं सांगतो. आमच्या मंडळीनं, कमलम्मानंच काढलं ते डोकं, म्हणाली, केरळ लांब हाय, कोन बघायला जातंय. लग्नाला आमी गेलो न्हाय. व्हिसा मिळाला न्हाय म्हणून सांगितलं सगळ्यांना. अर्ज केला असता तर मिळाला बी असता. शाळेत मास्तर हाय तो. फोनवर मला 'मामय्या' म्हणतो, आपल्या तेलुगूत सासऱ्याला म्हणतात तसं. पायलनं शिकवलं असंल. मी नुसतं हूं म्हणतो.

उलटी करू नका ती, पाव्हणं. बरं, केलीच तर बघा, गंमत हाय. सोलापुरी चादर, पुढं पांढरं ते मागं काळं. बघा, सगळं गाव पालटलं का न्हाय? जर्मनीवाले काळे झाले, मूळचे उजळले, पायल काळी, तो पांढरा. कमिटीला कळवलं न्हाय अजून. ज्याला जी बाजू आवडंल ती त्यानं वर घ्यावी.

ते — ते त्या दोघांच्या मधलं, धरलेल्या हातांखालचं बारकं. व्हय, ते दोन्हीकडनं सारखंच दिसतंय. दोन सुतं एकात एक गेली की तसं व्हतं. डिझाइनवाला म्हणाला, बारकं तर हाय, ह्यात न्हायतर त्यात टाकून मोकळं व्हा. मी बी तसंच म्हणत होतो. पांढऱ्यात विणलं, फोनवरचा फोटो शेजारी धरला — न्हाय जमलं. काळ्यात विणलं, तर ती न्हवंच. माग अडकवून ठेवला म्हणून बंदेनवाज वैतागला. शेवटी म्हटलं, दोन्ही सुतं एकदमच जाऊ दे तिच्यातनं. असं कोन करत न्हाय, चादर तेवढ्या जागी जाड व्हती. पण फोटोशेजारी धरली आन् — पहिली निघाली ती घरी नेली. कमलम्मा ती पांघरत न्हाय. घडी घालून उशाला घेती, नेमकं ते बारकं गालाखाली येईल अशी घडी.

तुमचं बरोबर हाय, चौकशी करायलाच पायजे. आमच्या अंकितानं तुमच्या घरात यायचं म्हंजे तुमाला सगळं बघावं लागणार. घरी गेल्यावर सांगा की, सॅम्पलमदी फॉल्ट होता म्हणून. मीच म्हणालो की तसं. पाव्हणं, नख लावू नका. निघत न्हाय ते. नख लावू नका म्हणतो न्हवं.

फॉल्ट न्हाय ती. नात हाय माझी. सोनम नाव हाय.

चहा आलाय. प्या, न्हायतर ऱ्हाऊ द्या. बंदेनवाज, पाव्हण्यांना गेटपत्तूर सोडून ये. आन् ती चादर काढू नको आता, असू दे तितंच.