सालं काढलेले वाटाणे

नाही नाही, शौचातून रक्त पडतंय ते माझं, वडिलांचं नाही – वडील ठणठणीत आहेत, तेच तर सांगतोय. तुम्ही दवाखान्यातून आलात ना, कारखान्यातल्या लोकांच्या पोटांची चौकशी करायला? मग लिहा. बावीस वर्षं सोलायच्या मशीनवर. एकीकडून वाटाणे आत, दुसरीकडून सालं बाहेर, ती पोत्यांत भरून गुरांना – आणि उरलेला गर दळून, धुऊन, चाळून त्याची पावडर. अशी मऊ, की जिभेला कळायची नाही. माझ्या हातची होती ती, ताई. महिन्याला दोन डबे घरी मिळायचे.

वडील जिन्यावरून पडले, कंबर गेली, दात आधीच गेलेले. म्हटलं, चावायची कटकटच नको, तीन वेळ पावडर द्यायची, गरम पाण्यात ढवळून. दुसरं काही नाही. आठ महिने. आधी पोट आठ-आठ दिवस गच्च, मग एकदम वाहायला लागलं, चादरी धुऊन धुऊन बायकोच्या हाताची सालटी निघाली. मी काय केलं? पावडर वाढवली. बायको मला न विचारता तुमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई म्हणे म्हणाल्या, आतड्यात कोट्यवधी बारीक जीव राहतात, आपल्याला न पचणारा चोथा, सालं, हेच त्यांचं जेवण. ते तोडलं की उपाशी पडतात, आतड्याचंच अस्तर कुरतडायला लागतात. अख्खे वाटाणे द्या, थोडे थोडे वाढवत. घरी येऊन तिने हे सगळं मला सांगितलं. मी हसलो. हसलो म्हणजे – एक ठेवून दिली. फार जोरात नव्हती.

मग तिने चोरून सुरू केलं. रात्रभर भिजत घालायची, मी कामावर गेलो की कुकरमध्ये मेणासारखे शिजवायची आणि सालासकट ठेचून म्हाताऱ्याला भरवायची. पहिला आठवडा तो फुगला नुसता. तिने घास कमी केले, सोडलं नाही. दीड महिन्यात म्हातारा उशीला टेकून बसायला लागला, गालावर रंग आला. मला वाटलं, माझ्या पावडरीचा गुण. कारखान्यात चौघांना सांगितलंसुद्धा.

एके दुपारी मशीनचा पट्टा तुटला, लवकर घरी आलो. बघतो तर म्हाताऱ्याच्या पुढ्यात वाटी, हनुवटीला साल चिकटलेलं. मला बघून घाबरला नाही तो. शांतपणे म्हणाला, "तुझ्या पिठाने मरत होतो रे मी. हिने वाचवलं." तिच्यासमोर. बावीस वर्षं, ताई – आणि तिच्यासमोर. कुकर नुकताच उघडला होता. माझ्या हातून सटकला आणि तिच्या मानेवर, खांद्यावर – सटकला असं दवाखान्यात लिहून दिलंय मी. दोन्ही हातांनी उचलला होता. तिची पाठ होती माझ्याकडे. ती वळेपर्यंत थांबलो.

ती ओरडली, तेवढ्यात तो म्हातारा – ज्याला कूस बदलायला दोन माणसं लागायची – उभा राहिला. पलंगाशी काठी होती, ती घातली माझ्या तोंडावर. हे पुढचे दोन दात गेले ते त्यातच. मग बरगडीत, मग परत तोंडावर. मी खाली पडलो तरी थांबला नाही. आणि मी काय विचार करत होतो? की याच्या अंगात एवढा जोर आला कुठून.

तिच्या अंगावर ओली चादर टाकून तो तिच्याबरोबरच बाहेर पडला. तिच्या माहेरीच राहतो आता. सुनेकडे, पोटचा पोरगा सोडून. पिशवी घेऊन बाजारात जातो म्हणे. मी गेलो होतो आणायला. दारात तो उभा, मागे ती, गळ्यापर्यंत झाकून घेतलेली. म्हणाला, "पायरी चढलास तर जिवंत उतरणार नाहीस." मी पायरी चढलो नाही.

हो, मीही पावडरच खातो आता. तीन वेळ. रक्त पडलं तरी. बदललं तर ती खरी ठरेल ना – ठरलीच आहे, कळतं मला, तुम्ही नका सांगू. भिजवा, शिजवा, हळूहळू वाढवा, सगळ्या बायका एकाच सुरात –

का उठलात? मी खिडकी लावायला उठलो, ऊन येत होतं तुमच्या डोळ्यांवर. तोंडापुढे हात कशाला धरलात असा? मी काही केलं का? खाली घ्या तो हात. ताई, खाली घ्या म्हणतो ना.

जा तुम्ही. दाराची कडी वर आहे, जरा ओढून काढा. जा.